करारात तिचं नाव

गेल्या अंकात आम्ही 'घर कुणाचं?' या विषयावर तुमच्याकडून पत्रं मागवली होती. पत्रं आली आणि भरपूर आली. सासरचं घर, माहेरचं घर, सातबारावरून कमी केलेली बहिणींची नावं, नवऱ्याच्या पश्चात दिरांनी लावलेलं कुलूप. वाचताना वाटत राहिलं, हे सगळं आपण किती वर्षं बोलतो आहोत! पण एक गोष्ट खटकली. भाड्याच्या घराबद्दल जवळजवळ कुणीच लिहिलं नव्हतं. जणू भाड्याचं घर हे घरच नव्हे. ते आज ना उद्या सोडायचंच, त्यात बाईचा हक्क तो कसला?

मी ज्या भागात काम करते तिथे भाड्याने राहणाऱ्या बायका कमी नाहीत. नर्सबाई आहेत, शिक्षिका आहेत, शिक्षणासाठी चामोर्शी-गडचिरोलीला रूम करून राहणाऱ्या मुली आहेत. २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ आलं, अलीकडे चामोर्शी तालुक्यातच कोनसरीला पोलादाचा कारखाना उभा राहिला. गाव सोडून खोल्या शोधणाऱ्यांत बायका-मुलीही आहेत. वैनगंगेच्या पलीकडे चंद्रपूर-बल्लारपूरकडे कोळशाच्या खाणी आणि कागद कारखाना. तिथे तर कित्येक कुटुंबांच्या दोन-दोन पिढ्या भाड्याच्या घरात गेल्या. या घरांचं भाडं बऱ्याचदा बाईच्या कमाईतून जातं. करारावर सही मात्र नवऱ्याची असते.

म्हणून या वेळचं संपादकीय एका भाडेकराराबद्दल आहे. त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

गोष्ट मार्कंड्याची आहे. चामोर्शी तालुक्यातलं, वैनगंगेच्या काठावरचं हे गाव तुमच्यापैकी अनेकींना महाशिवरात्रीच्या जत्रेमुळे माहीत असेल. नदी इथे उत्तरेकडे वळते, म्हणून या जागेचं महत्त्व मोठं. देवळांचा समूह जुना, कोरीव. १८७३-७४ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम या भागात येऊन देवळांची तपशीलवार नोंद करून गेला. त्या देवळांपासून जवळच, कवेलूंच्या दोन खोल्यांत, साधारण पस्तिशीची एक बाई दोन मुलांना घेऊन भाड्याने राहत होती. शाळेत पोषण आहार शिजवायचा, जत्रेच्या दिवसांत नारळ-फुलांचं दुकान लावायचं, उरलेल्या दिवसांत मिळेल ती मजुरी. नवरा तेलंगणात कामाला गेलेला. आधी सणावाराला यायचा, पैसे पाठवायचा. मग दिवाळीपुरता येऊ लागला. मग तेही थांबलं.

करार नवऱ्याच्या नावे होता. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर, अर्जनवीसाकडून लिहून घेतलेला, ११ महिन्यांचा. भाडं महिना पंधराशे, अनामत दहा हजार. ११ महिने केव्हाच उलटून गेले होते. भाडं देणं आणि घेणं चालूच होतं. घरमालकीण साठीच्या पुढची विधवा बाई, शेजारच्याच खोलीत राहणारी. दोघींचं एकमेकींशी बरं होतं. एकीच्या घरी भाजी झाली की वाटी दुसरीकडे जायची.

तीन वर्षांपूर्वी ही बाई आमच्या बैठकीत म्हणाली, "मॅडम, भाडं मी भरतो, पन कागदावर माहं नावच नाही. उद्या हा आला अन् म्हनला, निघ, तं मी कुठं जाऊ?" प्रश्न अगदी बरोबर होता. मी उत्साहात म्हटलं, चल, आत्ताच करून टाकू. आम्ही घरमालकिणीकडे गेलो. तिने कागद काढून दिला. मी माझ्या पेनाने, नवऱ्याच्या नावापुढे 'व त्यांची पत्नी' असं लिहून हिचं नाव घातलं. समासात घरमालकिणीचा अंगठा घेतला. हिची सही घेतली. चहा प्यायलो आणि मी निघाले. परतीच्या एसटीत मला फार बरं वाटत होतं. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या, बायकांना कायदा शिकवणाऱ्या माझ्या एकदाही मनात आलं नाही की ज्याच्याशी करार झाला आहे तो माणूस या बदलात कुठे आहे? बदलाची तारीख कुठे आहे? साक्षीदार कोण?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर नवरा आला. बायकोकडे नाही, सरळ घरमालकिणीकडे. म्हणाला, करार माझा, मी घर सोडतो, माझे दहा हजार परत द्या. तिने त्याचाच कागद बघून, त्याचीच सही घेऊन, पैसे दिले. मग हिला म्हणाली, "पोरी, त्यानं सोडलं घर. आता महिनाभरात तू बी पाय."

तिने मला तो दुरुस्त केलेला कागद आणून दाखवला. अजून तिचा विश्वास होता की माझ्या अक्षरातलं तिचं नाव तिला वाचवेल. मी तो घेऊन तालुक्याच्या विधी सेवा समितीतल्या वकीलताईंकडे गेले. त्यांनी कागद उजेडात धरून पाहिला आणि विचारलं, "हे वेगळ्या शाईत कुणी लिहिलं?" मी म्हटलं, मीच.

त्यांनी जे समजावलं ते मी इथे तुमच्यासाठी सोप्या शब्दांत लिहिते. करार म्हणजे दोन बाजूंचं एकमत. तो बदलायचा तर पुन्हा दोन्ही बाजूंचं एकमत लागतं. १८७२ च्या करार कायद्याचं ६२ वं कलम हेच सांगतं: दोघांनी मिळून जुन्या कराराच्या जागी नवा केला किंवा जुना बदलला, तर जुना पाळायची गरज राहत नाही. 'दोघांनी मिळून' हे महत्त्वाचं. सही झालेल्या कागदावर एकाच बाजूने महत्त्वाचा फेरफार केला, तर दुसऱ्या बाजूवर तो बांधील राहत नाहीच. उलट अख्खा कागदच संशयात येतो. माझ्या त्या तीन शब्दांनी नेमकं हेच केलं होतं. नवऱ्याने तो कागद कोर्टात दाखवला असता तर 'माझ्या मागे कागदात खाडाखोड केली' असं म्हणायला तो मोकळा होता. मी तिला हक्क दिला नव्हता, हक्क मिळाल्याचा भास दिला होता. आणि तीन वर्षं ती त्या भरवशावर गप्प राहिली. नवरा दिवाळीला येत होता तेव्हाच त्याची सही घेऊन साधा पुरवणी करार केला असता, तर दहा हजार रुपये त्याच्या एकट्याच्या हातात गेले नसते. आपल्या कामात चांगला हेतू पुरेसा नसतो, हे मी इतरांना नेहमी सांगते. या वेळी ते मला ऐकावं लागलं.

मग तिच्या हाती काहीच नव्हतं का? तसंही नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यातलं 'सामायिक घर' म्हणजे फक्त मालकीचं घर नव्हे. नवऱ्याने एकट्याच्या नावे भाड्याने घेतलेलं घरही त्यात येतं. कलम १७ प्रमाणे बाईला तिथे राहण्याचा हक्क आहे, कागदावर तिचं नाव असो वा नसो. कलम १९ प्रमाणे दंडाधिकारी नवऱ्याला असा आदेश देऊ शकतात की आमच्या परवानगीशिवाय तू त्या घरावरचा हक्क सोडायचा नाहीस. किंवा तिच्यासाठी तशाच दर्जाचं दुसरं घर बघ, नाहीतर त्याचं भाडं भर. नवरा घर सोडायला आला त्याच्या आधी आम्ही असा अर्ज केला असता तर चित्र वेगळं दिसलं असतं. पण या कायद्याची मर्यादाही लक्षात ठेवली पाहिजे. तो नवऱ्याला आणि त्याच्या नात्यातल्या माणसांना बांधतो; नात्यात नसलेल्या घरमालकिणीला नाही.

घरमालकाने घर खाली करण्याचा दावा लावला तर? याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा एक निकाल आहे, बी. पी. अचला आनंद यांच्या खटल्यातला. नवरा सोडून गेला आहे, भाडेकरू म्हणून तो दावा लढवत नाही, आणि बायको त्याच घरात राहते आहे, अशा वेळी भाडेकरूला जे म्हणणं मांडता आलं असतं ते बायकोलाही मांडता येईल, असं न्यायालयाने म्हटलं. भाडं भरणं वगैरे भाडेकरूच्या जबाबदाऱ्या तिने पाळायला हव्यात, आणि नवऱ्याला जेवढा हक्क होता त्याहून जास्त तिला मिळणार नाही. शिवाय घटस्फोट झाला की हा आधार जातो. म्हणजे ही ढाल आहे, पण उसनी.

इंग्लंडमध्ये १९९६ च्या कौटुंबिक कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की घरात राहणाऱ्या बायकोने भाडं भरलं तर ते भाडेकरू नवऱ्यानेच भरल्यासारखं धरलं जाईल. भाडेकरूचा हक्क एका जोडीदाराकडून दुसऱ्याकडे वर्ग करण्याचा अधिकारही तिथल्या न्यायालयांना आहे. आपल्याकडे बाईला हे सगळं हिंसाचाराच्या अर्जातून आणि निकालांच्या आधाराने शोधत जावं लागतं. म्हणून वाटतं, कोर्टात उसनी ढाल मागत फिरण्यापेक्षा शांततेच्या दिवसांतच करारात नाव लावून घ्यावं.

पण ते नाव लावायचं तर समोर घरमालकही एक माणूस असतो. इथे तर घरमालकही बाईच होती.

वकीलताईंना घेऊन आम्ही तिच्या छपरीत बसलो तेव्हा ती आमच्याकडे बघेचना. मला आधी राग आला होता. इतकी वर्षं शेजारी राहिलेल्या बाईला महिनाभरात काढते, ही कसली बाई? मग ती बोलायला लागली. तिचा नवरा वारला तेव्हा दिराने एका कागदावर अंगठा मागितला होता. वारसांची नोंद करायची, असं सांगून. नंतर कळलं, त्या कागदाने तिच्या वाट्याची एक एकर धानाची बांधी गेली. "तवापासून मी कागदाले भितो," ती म्हणाली. "हे दोन खोल्या तेवढ्या रायल्या. पुतने सांगतेत, भाडेकरनीचं नाव घालशील तं उद्या ते नमुना आठला नाव चढवन, घर बळकावन. तूच सांग, म्या का करावं?"

मैत्रिणींनो, हे ऐकून माझा राग उतरला. एका बाईचं घर दुसऱ्या बाईच्या भीतीमुळे जात होतं, आणि त्या भीतीच्या मुळाशीही एक कागदच होता, बाईला न वाचून दाखवता अंगठा घेतलेला. आणि खरं सांगायचं तर तीन वर्षांपूर्वी मीही तिचा अंगठा असाच घेतला होता. काय लिहिलं ते तोंडी सांगितलं होतं, पण वाचून कुठे दाखवलं होतं? माझा हेतू दिरासारखा नव्हता एवढंच.

मग वकीलताईंनी तिला एकेक गोष्ट समजावली. भाडेकरारात नाव घातल्याने मालकी बदलत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला मालक म्हणून नाव लागायला भाडेकरार हा आधारच नव्हे. उलट, करारात 'भाडेकरू' म्हणून सही करणारी बाई तीच मालकीण आहे हे लेखी मान्य करत असते. भाडेकरू म्हणून घरात आलेल्याला भाडेकरू असताना मालकाची मालकीच नाकारता येत नाही, असा पुराव्याच्या कायद्याचाच नियम आहे. म्हणजे ज्या कागदाची तिला भीती होती, तोच पुतण्यांच्या विरुद्ध तिच्या मालकीचा एक पुरावाही होणार होता. हे कळलं तेव्हा ती पहिल्यांदा आमच्याकडे वळून बसली. म्हणाली, "मंग मले तीनदा वाचून दाखवा."

तीनदा वाचून दाखवला. नवऱ्याने जुना करार संपवलेला असल्यामुळे पुरवणी करार करण्यात आता अर्थ नव्हता. सरळ नवा करार केला, भाडेकरू म्हणून तिच्या एकटीच्या नावे. अनामत पाच हजार, तीही दरमहा पाचशेच्या दहा हप्त्यांनी, आणि प्रत्येक हप्त्याची पावती. घर सोडताना ती रक्कम 'फक्त सही करणाऱ्या भाडेकरू बाईच्याच हातात' परत करायची, असं वाक्य तिने स्वतः घालायला लावलं.

आणखी एक कलम बदललं, ते मार्कंड्याच्या बायकांनी लक्षात घेण्यासारखं आहे. जुन्या करारात अर्जनवीसाच्या नेहमीच्या नमुन्यातलं वाक्य होतं: 'घराची सर्व दुरुस्ती भाडेकरूने स्वखर्चाने करावी.' पण मार्कंड्याची देवळं केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीप्रमाणे अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचा भाग प्रतिबंधित आणि त्यापुढचा २०० मीटर नियंत्रित असतो. प्रतिबंधित भागात नवं बांधकाम करता येत नाही आणि जुन्या घराची दुरुस्तीसुद्धा परवानगीशिवाय करता येत नाही. म्हणजे जुन्या वाक्याप्रमाणे भिंत पडली तर ती भाडेकरणीने बांधायची, आणि बांधली की कायदा मोडल्याचं बालंटही तिच्यावर! नव्या करारात लिहिलं: पावसाळ्याआधी कवेलू फेरणं आणि सारवण भाडेकरणीकडे, भिंत, आडं-खांब आणि ज्याला परवानगी लागते ते सगळं मालकिणीकडे, परवानगीसह. छापील नमुन्यातलं एक आळशी वाक्य केवढ्याला पडू शकतं, ते यावरून कळावं.

तिचे जुने दहा हजार मात्र अजून मिळालेले नाहीत. ते तिच्याच मजुरीतून साठवलेले होते. त्यासाठी आणि मुलांच्या खर्चासाठी संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत नवऱ्याविरुद्ध अर्ज केला आहे. माझ्या चुकीची किंमत ती भरते आहे, हे मी रोज लक्षात ठेवते.

आता, अशी वेळ तुमच्यावर किंवा तुमच्या ओळखीच्या बाईवर येण्याआधी काय करावं, ते नीट मांडते. हे पान कापून ठेवलंत तरी चालेल.

पहिलं म्हणजे, जुन्या कागदावर पेन चालवू नका. ना नाव घालायला, ना भाड्याचा आकडा बदलायला. बदल वेगळ्या कागदावर करायचा. त्याला 'पुरवणी करार' म्हणतात. त्यात मूळ कराराची तारीख, मूळ पक्षांची नावं आणि घराचा पत्ता लिहायचा. नोंदणी झालेली असेल तर दस्त क्रमांकही लिहायचा. मग कोणतं कलम बदलतं ते सांगायचं: आधी काय होतं, आता काय असेल आणि कोणत्या तारखेपासून. शेवटी एक वाक्य हवंच: 'मूळ करारातील बाकी सर्व अटी पूर्वीप्रमाणेच राहतील.' हे वाक्य नसेल तर उद्या कुणीही म्हणेल की सगळाच करार बदलला. बदल खूप असतील तर पुरवणीवर पुरवणी लावत बसू नये. जुना करार संपल्याचं लिहून नवाच करावा.

दुसरं, मूळ करारावर ज्यांच्या सह्या आहेत त्या सगळ्यांच्या सह्या पुरवणीवर हव्यात. नवं नाव घालायचं तर त्या व्यक्तीचीही. घराला दोन मालक असतील तर दोघांची. दोन साक्षीदार घ्या, त्यातली एक तरी तुमच्या बाजूची बाई असू द्या. अंगठा असेल तर 'वाचून दाखवले, समजले, मान्य आहे' असं लिहून, वाचून दाखवणाऱ्याचं नाव आणि सही तिथेच घ्या. आणि हे नुसतं लिहू नका, खरंच वाचा. कागदात कुठे खोडावं लागलंच, तर त्या ठिकाणी लिहून देणाऱ्यांची लघुसही हवी. नोंदणी कायद्याच्या २० व्या कलमाप्रमाणे अशा सहीशिवायची खाडाखोड असलेला दस्त नोंदणी अधिकारी नाकारू शकतात.

तिसरं, नोंदणी झालेला करार तोंडी बदलता येत नाही. 'मालक म्हणाले होते की दोन वर्षं भाडं वाढवणार नाही' हे नोंदलेल्या करारापुढे टिकत नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात हा नियम होता. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो आहे. म्हणून मूळ करार नोंदलेला असेल तर पुरवणीही नोंदवा.

चौथं, '११ महिन्यांचा करार म्हणजे नोंदणी नको' हा समज सगळीकडे खरा नाही. एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते, म्हणून ११ महिन्यांची पळवाट रूढ झाली. पण ३१ मार्च २००० पासून लागू झालेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ ज्या भागांना लागू आहे, तिथे कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदलेला असावा लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नसेल तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. अटींबद्दल वाद झाला तर भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हा कायदा त्याच्या अनुसूचीतल्या गावा-शहरांना लागू होतो. आपलं गाव त्यात आहे का, हे दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारून घ्या. नसलं तरी वर्षाच्या आतला करारही स्वखुशीने नोंदवता येतो. खर्चाला घाबरू नका. लीव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्के धरलेल्या व्याजाच्या बेरजेवर शेकडा पाव टक्का असतं. लहान घराला ही रक्कम नोंदणी फी धरूनही बाईच्या गेलेल्या अनामतीपुढे काहीच नाही.

पाचवं, भाडं भराल तिथे पावती घ्या आणि पावतीवर 'कोणाकडून' या जागी तुमचं नाव लिहून घ्या. मोबाइलवरून भरत असाल तर स्वतःच्या खात्यातून भरा. अनामत दिली असेल तर ती कुणाच्या पैशातून आणि परत कुणाला, हे करारातच असू द्या. प्रत्येक कागदाची एक प्रत तुमच्याजवळ, एक विश्वासाच्या दुसऱ्या बाईजवळ ठेवा.

सहावं, वकिलाला पैसे कुठून आणू, म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे कोणतीही स्त्री मोफत कायदेशीर मदतीला पात्र आहे. तिचं उत्पन्न किती, हे विचारलं जात नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे जा.

या सगळ्यावर नेहमीचा आक्षेप येतो. नवरा नीट वागतो आहे, मग करारात नाव घाल म्हणायचं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं नाही का? हाच आक्षेप सातबाराच्या वेळी आला होता, 'घर दोघांचे' मोहिमेच्या वेळीही आला होता. २००३ मध्ये महाराष्ट्र शासनाने ग्रामपंचायतीच्या घरनोंदीत नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावायची मोहीम काढली, तेव्हा घरं मोडली नाहीत. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ४(४) सांगतं की विवाहितांचा वनहक्क दोघांच्या संयुक्त नावे नोंदवायचा. आपल्या गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात कितीतरी जोडप्यांच्या हाती असे पट्टे आहेत. त्या जोडप्यांत अविश्वास आहे असं कुणी म्हणत नाही. जंगलातल्या जमिनीला जे चालतं, मालकीच्या घराला जे चालतं, ते भाड्याच्या दोन खोल्यांना का चालू नये?

म्हणून आमची मागणी साधी आहे. भाडेकराराच्या छापील आणि ऑनलाइन नमुन्यांत 'भाडेकरू' या शब्दापुढे एका नावाची जागा असते, तिथे जोडीदाराच्या नावाचीही असावी. दोघांपैकी कुणा एकालाच घर सोडता येऊ नये, अनामत एकालाच परत मिळू नये, हे वाक्य नमुन्यातच छापलेलं असावं. कायदा बदलेपर्यंत हे आपल्या पेनाने सुरू करता येईल. पेन फक्त योग्य कागदावर चालवायचा, एवढं मी माझ्या अनुभवाने सांगते.

परवा मार्कंड्याला गेले होते. भाडेकरणीने नवा करार प्लास्टिकच्या पिशवीत घालून तांदळाच्या कोठीत ठेवला आहे. घरमालकिणीने तिची प्रत आमच्या समोर काढली आणि म्हणाली, "अजून एकदा वाचून दाखव, पोरी. पुतने आले होते, त्यायले मी सांगतलं का कागद पक्का आहे. पन मले सगळं पाठ नाही झालं अजून." तिला पुन्हा वाचून दाखवला.

तुमच्या घरातला भाडेकरार आज काढून बघा. त्यावर कुणाकुणाची नावं आहेत, आणि तुमचं आहे का, ते आम्हाला कळवा. नसेल, तर पुढच्या अंकापर्यंत काय करता आलं तेही लिहा. वाट पाहते.